बांधावरचं कांडं

आत्यानं दिलेलं कांडं मी पंधरा दिवस कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रावर आडवं ठेवलं होतं. घरातल्यांना वाटलं, मी ते विसरले. पण आत्यानं निघताना बजावलंच होतं, "आगं, आधी तोंड वाळू दे त्येचं. वल्या जखमंनं मातीत घातलंस तर सडंल. आन लावल्यावर लगीच पानी नगं घालू."

२००४ चा मार्च होता. दहिवडीकडे, माण तालुक्यात, आत्याच्या शेताच्या बांधावर निवडुंगाची जुनी वई होती. पुरुषभर उंच, दाट, आत कोंबडीसुद्धा शिरणार नाही अशी. रस्ता रुंद करायचा म्हणून ती निघणार होती. त्या वईतलं वीतभर लांबीचं, तीन धारांचं एक कांडं मी गोणपाटात गुंडाळून एसटीनं पुण्याला आणलं. आज ते माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत दोन मीटरच्या वर गेलं आहे आणि त्याला सात फांद्या आहेत. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांची उंची दारामागच्या भिंतीवर मांडायची सवय होती, तशी या झाडाचीही मांडते. दर गुढीपाडव्याला टेप लावते आणि खडूनं रेघ ओढते. चांगल्या वर्षी ते वीतभर वाढतं, वाईट वर्षी चार बोटं.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "किती छान कॅक्टस आहे हो!" आणि प्रत्येकाला मी झाडाजवळ नेते, कारण हा कॅक्टस नाही आणि ते समजून घेतल्याशिवाय त्याची निगा नीट राखता येत नाही.

काटे बघा. धारेवर थोड्या थोड्या अंतरानं एकेक उंचवटा असतो आणि त्यावर बरोबर दोन काटे, बैलाच्या शिंगांसारखे दोन बाजूंना वळलेले. दोनच. पानाच्या देठाशी जी दोन बारीक उपपर्णं असतात, त्यांचेच हे काटे झालेले आहेत. कॅक्टसचं तसं नसतं. त्याच्या अंगावर लोकरीच्या बारीक गाद्या असतात आणि एकेका गादीतून काट्यांचा झुपका निघतो. दुसरी खूण चिकाची. निवडुंगाला नखाएवढी जखम झाली तरी पांढरं दूध ओघळतं, तर बहुतेक कॅक्टसमधून नुसतं पाणी येतं.

कॅक्टस जवळजवळ सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. आपल्याकडे माळावर दिसणारा, चपट्या फड्यांचा फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला. त्याच्यावर जगणाऱ्या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीला तो किडा इथे वाढवायचा होता. १७९५ मध्ये ब्राझीलमधून किडे आले, पण ते हव्या त्या जातीचे नव्हते. हवा तसा रंग काही मिळाला नाही, उलट त्या किड्यांनी फड्यांचाच फडशा पाडला. किड्याच्या मदतीनं रान आटोक्यात आणता येतं, हे जगाला दिसण्याच्या पहिल्या प्रसंगांपैकी हा एक मानतात.

आमचा निवडुंग मात्र इथलाच. शास्त्रीय नाव युफोर्बिया अँटिकोरम, मराठीत त्रिधारी निवडुंग. भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंतचा रहिवासी. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला हे नाव दिलं. युफोर्बिया हे नाव युफोर्बस या वैद्यावरून आलं. उत्तर आफ्रिकेतल्या जुबा राजाच्या पदरी तो ग्रीक वैद्य होता. या कुळाचा गोतावळा बघितला की मला दर वेळी नवल वाटतं. फरशीच्या फटीत उगवणारी दुधी त्यातलीच, नाताळात लाल होणारं पॉइनसेटिया त्यातलंच, कुंपणाला लावतात तो बिनकाट्यांचा शेरही त्यातलाच. पाचगणीच्या पठारावर सापडणाऱ्या एका लहानशा जातीला तर पाचगणीचंच नाव आहे. आणि वाळवंटात कॅक्टस जसा खांबासारखा उभा राहतो तसाच हा निवडुंगही उभा राहतो, पण दोघांचं रक्ताचं नातं नाही. कोरड्या हवेत पाणी जपायचं तर पानं टाकायची, खोड हिरवं आणि जाड करायचं आणि काटे धरायचे, हे दोघांनी आपापल्या खंडात वेगवेगळं साधलं.

महाराष्ट्रात आणखी दोन खांबासारखे निवडुंग दिसतात. एकाच्या खोडावरचे उंचवटे पाच रांगांत, पिळा घातल्यासारखे चढत जातात आणि शेंड्याला पावसाळ्यात बोटभर लांब, जाड पानं येतात. ती आयुर्वेदातली स्नुही, नेरिफोलिया. बंगालात नागांची देवी मनसा हिची पूजा याच झाडापाशी करतात. दुसरा निवुलिया, त्याच्या फांद्या धारदार नसून गोल असतात. रोपवाटिकेत हल्ली सर्रास मिळतो तो आफ्रिकेकडचा ट्रायगोना. त्याच्या फांद्या खोडाला चिकटून सरळ वर जातात आणि धारेवरची चमच्यासारखी पानं बराच काळ टिकतात. आपल्या त्रिधारीची पानं तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आली आली म्हणेपर्यंत गळतात. फांदी मध्ये मध्ये आवळलेली असते, उसाच्या पेरासारखी, म्हणून तर आम्ही कांडं म्हणतो. निगा मात्र या सगळ्यांची साधारण सारखीच.

या झाडाचं एक गुपित कळलं की पाण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवा आत घेतात आणि त्याच वाटेनं त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग दिवसभर दारं लावून बसतो. ऊन उतरलं, हवा गार झाली की रात्री तो रंध्रं उघडतो, कर्बवायू आत घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवतो. दुसऱ्या दिवशी उन्हात, दारं बंद ठेवून, त्याच साठ्यातून अन्न तयार करतो. म्हणून त्याला पाणी थोडं लागतं आणि ऊन भरपूर लागतं. आपण घरात नेमकं उलट करतो. त्याला बैठकीच्या कोपऱ्यात अंधारात ठेवतो आणि माया म्हणून रोज भांडंभर पाणी घालतो.

माझं झाड याच मायेपायी जवळजवळ गेलं होतं. २००९ च्या पावसाळ्यात मी दोन महिने मुलीकडे नागपूरला होते. शेजारच्या वहिनींनी मनापासून सगळ्या कुंड्या सांभाळल्या, निवडुंगालाही रोज पाणी घातलं आणि गच्ची खराब होऊ नये म्हणून खाली थाळी ठेवली. मी परत आले तेव्हा वरून झाड छान हिरवं होतं. बुंध्याशी बोट लावलं तर ते आत गेलं, पिकलेल्या चिकूत जावं तसं. आणि वास आला, कुजक्या बटाट्याचा.

अशा वेळी हळहळत बसायला सवड नसते. सड खालून वर चढत असते. मी धारदार सुरी घेतली, पाती स्पिरिटनं पुसली आणि मऊ भागाच्या बरंच वर कापलं. कापलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं. मधोमध तांबूस ठिपका होता, मोहरीएवढा. आणखी चार बोटं वर कापलं, सुरी पुन्हा पुसून. ठिपका होताच, आता खसखशीएवढा. तिसऱ्यांदा कापल्यावर आतला भाग स्वच्छ, पांढरट हिरवा, चहूकडे सारखा दिसला. तिथं थांबले. तो एक ठिपका जरी आत राहिला असता तरी महिन्याभरात वरचं सगळं गेलं असतं. दूध वाहत होतं, त्यावर गार पाणी मारलं, तसं ते थांबलं. तोंडाला कोळशाची पूड लावली आणि ते कांडं सावलीत, हवेशीर जागी ठेवलं. पावसाळी हवा होती म्हणून पंधरा दिवसांऐवजी तीन आठवडे. तोंडावर पापुद्रा धरला, बोटानं वाजवलं तर टणक लागलं, तेव्हा लावलं. आज उभं आहे ते झाड त्या वाचलेल्या कांड्याचं आहे. भिंतीवरची खडूची रेघ त्या वर्षी खाली आली आणि मी ती तशीच ठेवली आहे.

कांडं लावायला खरा मोसम फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा. हवा कोरडी असते, जखम लवकर वाळते आणि पावसाच्या आधी मुळं धरतात. वीतभर कांडं दोन-तीन बोटं खोल लावायचं, जास्त नाही. डुगडुगत असेल तर बाजूला काठी रोवून सुतळीनं सैल बांधायचं किंवा बुडाशी दगड रचायचे. आठ-दहा दिवस पाणी नाही, मग अगदी थोडं. महिन्या-दीड महिन्यानं हलकेच हलवून बघावं. कांडं मातीला धरून बसलं असेल तर मुळं आली.

माती हा माझा आवडता विषय, कारण माणदेशात मी माती बघत वाढले. आमच्या बांधावरची वई माळाच्या मुरमात उभी होती. काळ्या रानातली माती पाणी धरून ठेवते, कापसाला ती चांगली, निवडुंगाच्या मुळांना ती गुदमरवते. मी दोन भाग मुरूम घेते, एक भाग जाडी वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. वाळू नसेल तर विटांचे वाटाण्याएवढे तुकडे चालतात. मुरूम आणि विटा दोन्ही चाळून घ्यायच्या आणि खाली पडलेली बारीक भुकटी टाकून द्यायची. ही भुकटीच पुढे पाण्यानं बसते आणि कुंडीच्या तळाशी चिखल करते. मिश्रण झालं की मूठभर ओलं करून दाबून बघा. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं पाहिजे, लाडू वळला तर आणखी मुरूम घाला.

कुंडी मातीचीच हवी, प्लॅस्टिकची नको. मातीची कुंडी अंगातून ओल बाहेर टाकते आणि जड असते. हे झाड उभं वाढतं, सगळं वजन वर असतं. हलक्या कुंडीत ते वाऱ्यानं आडवं होतं आणि तीन धारांचं झाड एकदा पडलं की धारा चेमटतात, त्या पुन्हा कधी भरून येत नाहीत. फार मोठी कुंडीही नको. मुळांच्या गोळ्याभोवती दोन बोटं जागा पुरते, जास्त मातीत जास्त ओल राहते. कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे भोक मोकळं राहतं. खाली थाळी ठेवूच नका.

पाणी कधी घालायचं यासाठी मी अगरबत्तीची जळून उरलेली काडी वापरते. कुंडीच्या कडेनं ती तळापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढून गालाला लावायची. गार लागली तर आज पाणी नाही. माझ्या गच्चीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, थंडीत तीन आठवड्यांनी. घालताना मात्र भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घालायचं. घोटघोट रोज घातलेलं पाणी वरच्या मातीतच राहतं. वळवाच्या पहिल्या सरी मी झाडाला अंगावर घेऊ देते. त्यानंतर आठवड्याभरात शेंड्याला जी हालचाल होते ती बघायला मी सकाळी चष्मा लावून बसते. टोकाला फिकट पोपटी धार फुटते, तिच्यावर बारीक पानं उमलतात, आणि नवे काटे तेव्हा मऊ, गुलाबी असतात, बोटानं दाबले तर वाकतात. चार दिवसांत ते तपकिरी होऊन टणक होतात. आषाढाची झड लागली, आठ आठ दिवस ऊन नाही, की कुंडी पत्र्याखाली सरकवते.

ऊन रोज निदान पाच-सहा तास हवं. कमी पडलं तर शेंडा बारीक होत जातो. नंतर उन्हात नेलं तरी तो बारीक भाग तसाच राहतो आणि वरचं वजन वाढलं की तिथंच झाड मोडतं. पण सावलीत वाढलेलं रोप एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवायचं नाही. त्याला पांढुरके चट्टे पडतात, भाजल्याचे, आणि ते कायमचे. पंधरा दिवसांत थोडं थोडं बाहेर न्यायचं. कुंडी दर पंधरवड्याला पाव वळसा फिरवली तर खांब सरळ राहतो. बुंध्याशी साल तपकिरी, बुचासारखी कडक होऊ लागली तर घाबरू नका, ते वय आहे. मऊ पडणं हे दुखणं, कडक होणं नाही.

धारांच्या खाचेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसून काढायचा. हा किडा मुळांवरही बसतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना मुळं बघून घ्यावीत. उन्हाळ्यात हिरवा रंग मळकट, राखी दिसू लागला तर लाल कोळी असण्याची शक्यता, तेव्हा पाण्याचा जोरदार फवारा मारावा. खत मी वर्षातून एकदाच, जूनच्या तोंडाशी, मूठभर कुजलेलं शेणखत घालते.

आता दुधाबद्दल. हा भाग कुणी वाचायचा सोडू नये.

काट्यांना सगळे भितात, पण खरं जपायचं ते दुधाला. २०१२ च्या मे महिन्यात मी एक आडवी फांदी कापत होते. हातात मोजे होते, डोळ्यांवर चष्मा नव्हता. फांदी सुटताना हिसका बसला आणि एक थेंब उडून डाव्या डोळ्यात गेला. लगेच नळाखाली डोळा धरला, पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी घेतलं. बरं वाटलं, म्हणून मी काम पुरं केलं. हीच चूक झाली. या दुधाचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. रात्री डोळा सुजला, दिव्याकडे बघवेना, समोरचं धुक्यातून दिसावं तसं दिसू लागलं. सकाळी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. बुबुळाच्या वरच्या पडद्याला इजा झाली होती. औषधाचे थेंब सुरू झाले आणि आठवड्यानं नजर पूर्वीसारखी झाली. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचा डोळा बरा होतो, पण अंगावर काढलं तर नजरेला धोका असतो. म्हणून कापताना चष्मा आणि मोजे दोन्ही हवेत. डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, जाताना कुठल्या झाडाचा चीक आहे तेही सांगायचं. कातडीवर सांडलं तर साबणानं धुवायचं, नुसत्या पाण्यानं ते पसरतं. रांगतं मूल किंवा कुंडीत तोंड घालणारं मांजर घरात असेल तर हे झाड त्यांच्या वाऱ्यालाही नको.

याच जातकुळीच्या दुधाचा औषधी उपयोगही आहे, पण तो जाणत्याच्या हातात. चरकसंहितेत तीव्र रेचकांमध्ये स्नुहीच्या दुधाला पहिलं स्थान आहे. म्हणजे ते किती जहाल, हे तेव्हाच माहीत होतं. भगंदरावर क्षारसूत्र नावाचा दोरा वापरतात. पुण्यातल्या एका वैद्यांनी मला तो दाखवला होता. काचेच्या कपाटात ताणून बांधलेले दोरे, पिवळसर, हाताला तारेसारखे ताठ. त्यावर एकवीस लेप असतात. आधी नुसत्या स्नुहीच्या दुधाचे अकरा, मग दूध आणि आघाड्याचा क्षार यांचे सात, शेवटी दूध आणि हळदीचे तीन. प्रत्येक लेप वाळल्याशिवाय पुढचा नाही. घरी कुणी निवडुंगाचं दूध पोटात घेण्याचा किंवा जखमेला लावण्याचा विचारही करू नये.

थंडीत पानं नसतात तेव्हा काट्यांच्या जोडीच्या वर हिरवट पिवळी, मण्यांएवढी फुलं येतात. माझ्या झाडाला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा ते अकरा वर्षांचं होतं. एकेक फूल म्हणून आपण जे बघतो ती खरं तर एक वाटी असते. तिच्यात अनेक नरफुलं, प्रत्येकाला एकच पुंकेसर, आणि मध्ये एक मादीफूल. तिसऱ्या मजल्यावर मुंग्या आणि मधमाश्या त्या फुलांचा माग कसा काढतात कोण जाणे, पण येतात.

रोप हवं असेल तर माळावरून उपटून आणू नका. ज्याच्या बांधावर वई आहे त्याला विचारून एक कांडं कापून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. अजून काही बांधांवर ती शिल्लक आहे. बहुतेक ठिकाणी आता सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली. वईत मुंगुसं राहायची, होले घरटी करायचे, तारेत ते कुठून राहणार? आत्याच्या शेतालाही तारच आहे. आत्या २०१६ मध्ये गेली.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी माझ्या झाडाची चार कांडी कापली, यावेळी चष्मा लावून, आणि पंधरा दिवस कपाटावर ठेवली. मग एसटीनं दहिवडीला नेली. आतेभावाच्या मुलाला घेऊन तारेच्या आतल्या बाजूनं, विहिरीकडच्या कोपऱ्यात लावली आणि लगेच पाणी घालू नको म्हणून सांगितलं. श्रावणात त्याचा फोन आला. "आत्या, चारातली तीन धरली. पानं आल्यात बारकी. अन् शेरडांनी तोंड नाही लावलं."